विसर्जित वृंदाचे पुनर्मीलन आणि रसिकांची उत्कंठा

१

लोकप्रिय कलेचा अभ्यास करू पाहणाऱ्यास एक कोडे वारंवार अडविते. एखादा वाद्यवृंद आपल्या उमेदीच्या काळात गातो-वाजवितो, त्याला मोजका श्रोता लाभतो, आणि काही वर्षांनी आपसांतील बेबनावामुळे तो विसर्जित होतो. दहा-बारा वर्षे उलटतात. मग तेच चार जण तीच गीते घेऊन पुन्हा रंगमंचावर उभे राहणार अशी वार्ता येते, आणि ज्या गीतांकडे पूर्वी बहुसंख्यांनी पाठ फिरविली होती ती ऐकण्यासाठी हजारो लोक तिकिटांकरिता धाव घेतात. मध्यंतरीच्या काळात गीतांत एका स्वराचीही भर पडलेली नसते. गायकाचे वय मात्र वाढलेले असते, आणि तारुण्यातील आवेश तसाच राहिला असेल याची कोणतीही शाश्वती नसते. असे असता वाढले ते काय, आणि कोठे वाढले, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

या प्रश्नाचे एक तयार उत्तर सर्वांच्या ओठांवर असते: ही गतकाळाची ओढ होय. हे उत्तर अगदीच खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि अपुरे उत्तर पुरेसे मानल्याने पुढील विचारच खुंटतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ‘पिक्सीज’ या रॉक वृंदाचे २००४ मधील पुनर्मीलन हे मुख्य उदाहरण घेऊन या उत्कंठेची घडण उलगडून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तुलनेसाठी अन्य तीन वृंदांचा विचार ओघाने येईल.

२

आरंभी ‘कल्ट’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. रॉक संगीताच्या परिभाषेत काही वृंदांना हे विशेषण लावले जाते. मराठीत त्याला ‘संप्रदायी’ असा शब्द योजता येईल. संप्रदायी वृंद म्हणजे केवळ थोड्या श्रोत्यांचा वृंद नव्हे. तसे वृंद प्रत्येक नगरात शेकड्यांनी असतात आणि विसरले जातात. संप्रदायी वृंदाची तीन लक्षणे सांगता येतात. एक, त्याच्या श्रोत्यांची संख्या अल्प असली तरी त्यांची निष्ठा उत्कट असते. दोन, त्याचे संगीत जाहिरातीपेक्षा एकाकडून दुसऱ्याकडे, मित्राने मित्राला दिलेल्या ध्वनिफितीच्या रूपाने, पसरते. तीन, सामान्य श्रोत्यांपेक्षा त्याच व्यवसायातील कलावंतांवर त्याचा प्रभाव अधिक पडतो.

तिसऱ्या लक्षणाचे प्रसिद्ध उदाहरण ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या न्यूयॉर्कच्या वृंदाचे होय. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ मध्ये निघाली व तिचा खप बेताचाच झाला. पुढे १९८२ मध्ये ब्रायन ईनो या संगीतकाराने एका मुलाखतीत अशा आशयाचे उद्गार काढले की, पहिल्या पाच वर्षांत त्या तबकडीच्या तीस हजार प्रती खपल्या असतील, परंतु ज्यांनी ज्यांनी ती विकत घेतली त्या प्रत्येकाने स्वतःचा वृंद काढला. या उद्गारातील अतिशयोक्ती उघड आहे. तथापि त्यातील मर्म असे की खपाची संख्या आणि प्रभावाची व्याप्ती या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरीचे मोजमाप पहिलीने होत नाही.

पिक्सीजच्या ठिकाणी ही तिन्ही लक्षणे आढळतात. चार्ल्स थॉम्प्सन व जोई सँटियागो हे दोघे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील शाखेत एकमेकांस भेटले. १९८६ मध्ये बॉस्टन येथे त्यांनी वृंदाची स्थापना केली. थॉम्प्सनने रंगमंचासाठी ‘ब्लॅक फ्रान्सिस’ हे नाव घेतले. बास गिटार वाजविणारा सोबती मिळावा म्हणून त्यांनी वृत्तपत्रात जाहिरात दिली; तीत ‘हुस्कर डू’ हा कर्कश व वेगवान वादनाचा वृंद आणि ‘पीटर, पॉल अँड मेरी’ हे मृदू लोकगीते गाणारे त्रिकूट, या दोहोंची आवड असलेली व्यक्ती हवी असे नमूद केले होते. किम डील या तरुणीने त्या जाहिरातीस प्रतिसाद दिला. डेव्हिड लव्हरिंग हा ढोलवादक तिच्यामागून आला. या जाहिरातीतच वृंदाच्या संगीताचे सूत्र दडलेले आहे. पिक्सीजच्या गीतात कडवे दबक्या, जवळजवळ कुजबुजत्या आवाजात येते व ध्रुवपदाशी सर्व वाद्ये एकदम गर्जून उठतात. गीत बहुधा दोन-तीन मिनिटांत संपते. शब्दांत बायबलातील हिंसक प्रसंग, स्पॅनिश भाषेचे तुकडे आणि अतिवास्तववादी चित्रपटांतील प्रतिमा यांची सरमिसळ असते.

१९८७ ते १९९१ या पाच वर्षांत वृंदाच्या पाच ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्या: ‘कम ऑन पिल्ग्रिम’ ही छोटी, आणि ‘सर्फर रोझा’, ‘डूलिट्ल’, ‘बोसानोवा’ व ‘ट्राँप ल माँद’ या चार पूर्ण. त्या काढल्या त्या ‘फोर ए डी’ या ब्रिटिश संस्थेने. येथे एक चमत्कारिक विषमता दिसते. १९८९ ची ‘डूलिट्ल’ ब्रिटनच्या खपाच्या यादीत ८ व्या क्रमांकावर पोहोचली, तर अमेरिकेत, म्हणजे वृंदाच्या मायदेशी, ती ९८ व्या क्रमांकावर राहिली. युरोपात मोठी सभागृहे भरविणारा हा वृंद स्वदेशात विद्यार्थ्यांच्या नभोवाणी केंद्रांवरच विशेष ऐकला जात होता. अंतर्गत ताण वाढत गेला. जानेवारी १९९३ मध्ये थॉम्प्सनने बी.बी.सी.वरील एका मुलाखतीत वृंद संपल्याचे घोषित केले. सँटियागोस त्याने दूरध्वनीवरून कळविले आणि उरलेल्या दोघांस फॅक्सने. ज्या वियोगाचा शेवट पुढे एवढ्या उत्साहात व्हावयाचा होता, त्याचा आरंभ असा रुक्ष होता.

३

वृंद नसण्याच्या अकरा वर्षांत त्याची कीर्ती वाढली, हे या प्रकरणातील सर्वांत विचारणीय तथ्य होय. ही वाढ मोजता येण्याजोगी आहे. अमेरिकेत पाच लक्ष प्रतींच्या खपास ‘सुवर्ण’ ही मान्यता मिळते. ‘डूलिट्ल’ला ती १९९५ मध्ये, म्हणजे वृंद विसर्जित झाल्यावर दोन वर्षांनी मिळाली, १९८८ च्या ‘सर्फर रोझा’ला ती मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. कर्ते अनुपस्थित असता कृतीचा श्रोतृवर्ग हळूहळू विस्तारत होता, हे यावरून दिसते.

याची कारणे तीन. पहिले कारण शिष्यपरंपरेचे. ‘निर्व्हाना’ वृंदाच्या १९९१ मधील ‘नेव्हरमाइंड’ या ध्वनिमुद्रिकेने अमेरिकन रॉकचा प्रवाहच बदलला. तिच्यातील सर्वांत गाजलेले गीत रचताना आपण सरळसरळ पिक्सीजचे अनुकरण करू पाहत होतो, अशी कबुली कर्ट कोबेन याने जानेवारी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत दिली. दबक्या कडव्यानंतर गर्जणारे ध्रुवपद ही रचना त्या गीतामुळे जगभर पोहोचली होती. तिचे उगमस्थान कोणते हे या कबुलीने उघड झाले. ‘सर्फर रोझा’चे ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनी या तंत्रज्ञाने केले होते, निर्व्हानाची १९९३ मधील ‘इन यूटेरो’ ही ध्वनिमुद्रिकाही त्याच्याच हातून झाली. २००२ मध्ये डेव्हिड बोवीसारख्या ज्येष्ठ कलावंताने आपल्या ध्वनिमुद्रिकेत पिक्सीजचे एक गीत गाऊन घेतले. शिष्य मोठा झाला म्हणजे लोक गुरूचा पत्ता विचारू लागतात. येथेही तसेच घडले.

दुसरे कारण माध्यमांतराचे. १९९९ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘फाइट क्लब’ या चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यावर ‘सर्फर रोझा’तील एक गीत योजलेले आहे. ज्यांनी वृंदाचे नावही ऐकले नव्हते अशा तरुण प्रेक्षकांस त्या गीताने प्रवेशद्वार मिळवून दिले. त्याच वर्षी ‘नॅपस्टर’ची सेवा सुरू झाली आणि ध्वनिमुद्रित संगीत संगणकावरून एकमेकांस देता येऊ लागले. जुन्या ध्वनिमुद्रिकेचा शोध, जो पूर्वी दुकानोदुकानी हिंडण्याचा विषय होता, तो काही मिनिटांच्या आटोक्यात आला.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. जो वृंद चालू असतो त्याची कामगिरी अपूर्ण असते. पुढील ध्वनिमुद्रिका निकृष्ट निघू शकते, कलावंत स्वतःची पुनरुक्ती करू लागतो, आणि रसिकाची निष्ठा पातळ होत जाते. विसर्जित वृंदास हा धोका नाही. पाच वर्षांतील पाच ध्वनिमुद्रिका हा एक बंद संच झाला. त्यात न्यूनाधिक करण्याची सोय उरली नाही. ज्याला आदि आणि अंत आहे असा ग्रंथ जसा पारायणास योग्य होतो, तसे या संचाचे झाले. रसिकांनी तो घोकला, त्यातील संदर्भांचा शोध घेतला, आणि त्याच्या ज्ञानावरून एकमेकांस ओळखू लागले. विसर्जनाने वृंदाचे जे नुकसान झाले त्यातच संप्रदायाचा लाभ होता.

४

आता गतकाळाच्या ओढीचा विचार करू. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने घडविला. मायदेशापासून दूर असलेल्या माणसांस जडणारा रोग या अर्थी त्याने तो योजिला होता. म्हणजे मूळ शब्द स्थळाच्या वियोगाचा. काळाच्या वियोगाचा अर्थ त्यास मागाहून चिकटला. स्थळाकडे परत जाता येते, काळाकडे येत नाही, हा भेद येथे महत्त्वाचा आहे. कारण पुनर्मीलनाचा प्रयोग हा जणू काळाला स्थळाचे रूप देतो. अमुक दिवशी, अमुक सभागृहात १९८९ साल भेटेल, असे आश्वासन त्यात गर्भित असते.

स्मृतीच्या मानसशास्त्रात असे आढळून आले आहे की उतारवयातील माणसांस आयुष्यातील साधारणतः दहा ते तीस या वयांतील प्रसंग इतर काळाच्या मानाने अधिक संख्येने आठवतात. त्या वयात ऐकलेले संगीतही असेच घट्ट रुजते. १९८९ मध्ये सोळा वर्षांचा असलेला श्रोता २००४ मध्ये एकतीस वर्षांचा होता. त्याला आता अर्थार्जन होते, प्रवासाची ऐपत होती, आणि तारुण्य मागे पडत असल्याची पहिली जाणीवही त्यास होऊ लागली असावी. त्याच्या उत्कंठेचे स्पष्टीकरण गतकाळाच्या ओढीने करता येते.

परंतु त्याच सभागृहात विशीतील श्रोतेही होते. २००४ मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण १९८९ मध्ये पाच वर्षांचा होता. त्याने वृंदास कधी पाहिले नव्हते. किंबहुना वृंद अस्तित्वात असताना त्याचे नावही त्याच्या कानांवर आले नव्हते. ज्याला वियोग झालाच नाही त्याला पुनर्मीलनाचा आनंद कसा व्हावा? गतकाळाची ओढ हे उत्तर अपुरे आहे असे आरंभी म्हटले ते यासाठी.

या ठिकाणी मॉरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये मांडलेला सिद्धांत उपयोगी पडतो. त्याच्या मते स्मृती ही निव्वळ व्यक्तीच्या ठिकाणी वसत नाही. व्यक्ती ज्या समूहाची घटक असते त्या समूहाच्या चौकटीतच ती आठविते. म्हणून समूहात नव्याने प्रविष्ट झालेला मनुष्य समूहाच्या आठवणी स्वतःच्या म्हणून स्वीकारू शकतो. विशीतील श्रोत्यास थोरल्या भावाकडून किंवा महाविद्यालयातील मित्राकडून केवळ ध्वनिफीत मिळाली नव्हती. ‘आपण उशिरा जन्मलो’ ही हळहळही तिच्यासोबत मिळाली होती. थोरल्यांस जी गोष्ट हरवली होती ती धाकट्यांस कधी लाभलीच नव्हती. परंतु दोघांचीही उणीव एकाच आकाराची होती. पुनर्मीलनाने थोरल्यांस प्रत्यागमन मिळाले आणि धाकट्यांस प्रथमदर्शन. एकाच प्रयोगात दोन पिढ्यांच्या दोन भिन्न इच्छा पूर्ण व्हाव्यात हे त्या उत्साहाच्या प्रमाणाचे खरे कारण होय.

याला आणखी एक पदर आहे. संप्रदायी वृंदाचा श्रोता आपली आवड बहुधा एकट्याने जोपासतो. शाळेत वा गावात आपल्यासारखा दुसरा कोणी नाही, या भावनेत दुःख असते तसा थोडा अभिमानही असतो. तो जेव्हा पाच हजारांच्या समुदायात उभा राहतो आणि जी ओळ आपण एकट्यानेच पाठ केली असे त्यास वाटत होते ती सर्व जण एका आवाजात म्हणत असल्याचे ऐकतो, तेव्हा त्याच्या एकाकीपणाचा अर्थच पालटतो. एमिल द्यूरकेम याने १९१२ मध्ये धार्मिक समुदायांच्या संदर्भात ज्या सामूहिक उन्मेषाचे वर्णन केले, त्याचे हे लौकिक रूप म्हणता येईल. अर्थात काहींस हा पालट रुचत नाही. आपले गुपित चव्हाट्यावर आले असे त्यांस वाटते, आणि नवागतांची निष्ठा ते पारखू लागतात. हर्ष आणि मत्सर यांचे हे साहचर्य कोणत्याही वाढत्या संप्रदायात आढळते.

५

प्रत्यक्ष घटना पाहू. १३ एप्रिल २००४ रोजी मिनीअ‍ॅपोलिस येथील ‘फाइन लाइन म्युझिक कॅफे’ या लहानशा जागी पिक्सीजचा पुनर्मीलनाचा पहिला प्रयोग झाला. तेथून वृंदाने पश्चिम कॅनडातील शहरांत प्रयोग केले आणि १ मे रोजी कॅलिफोर्नियातील ‘कोचेला’ या विशाल महोत्सवात प्रवेश केला. त्या वर्षी महोत्सवाची सर्व तिकिटे प्रथमच संपली. त्याच सायंकाळी पिक्सीजनंतर ‘रेडिओहेड’ हा ब्रिटिश वृंद गायला. त्याच्यावरही पिक्सीजचा प्रभाव पडलेला होता. पुढे युरोपात व अमेरिकेत वर्षभर दौरा चालला. प्रयोग संपताच त्याच रात्रीचे ध्वनिमुद्रण तबकडीवर उतरवून मर्यादित प्रतींत श्रोत्यांस विकण्याची व्यवस्थाही काही ठिकाणी करण्यात आली होती.

या दौऱ्यास ‘सेल आउट’ असे नाव देण्यात आले. या इंग्रजी शब्दांचा एक अर्थ सर्व तिकिटे विकली जाणे. दुसरा, पैशासाठी तत्त्व विकणे. पुनर्मीलनावर जो आक्षेप हमखास घेतला जातो तो वृंदाने स्वतःच्याच फलकावर लिहून टाकला होता.

आक्षेपाचा विचार अर्थशास्त्राच्या साहाय्याने करणे बरे. रॉक वृंदांचे उत्पन्न दोन मार्गांनी येते: ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून व प्रत्यक्ष प्रयोगांतून. ध्वनिमुद्रिकेच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात. प्रयोगाच्या काढता येत नाहीत. संगणकीय देवघेवीमुळे पहिल्या मार्गाचे उत्पन्न घटू लागले तेव्हा दुसऱ्याचे महत्त्व वाढले. अ‍ॅलन क्रूगर या प्रिन्स्टन विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, १९९६ ते २००३ या काळात अमेरिकेतील संगीतप्रयोगांच्या तिकिटांचे सरासरी दर ८२ टक्क्यांनी वाढले, तर ग्राहक मूल्यांचा सामान्य निर्देशांक अवघा १७ टक्क्यांनी. पूर्वी प्रयोग हा ध्वनिमुद्रिकेची जाहिरात होता; आता ध्वनिमुद्रिका ही प्रयोगाची जाहिरात झाली. अकरा वर्षे विनामूल्य पसरलेली पिक्सीजची गीते ही या दृष्टीने एक प्रचंड जाहिरातच होती, आणि तिचे मोल वसूल करण्याचा मार्ग रंगमंचावरूनच जात होता.

दरम्यान चौघांचे आयुष्य चार दिशांनी गेले होते. थॉम्प्सन ‘फ्रँक ब्लॅक’ या नावाने स्वतंत्रपणे गात होता. किम डीलच्या ‘ब्रीडर्स’ या वृंदाची १९९३ मधील ध्वनिमुद्रिका मायदेशी पिक्सीजपेक्षा अधिक खपली होती. सँटियागो चित्रपट व दूरचित्रवाणीसाठी संगीत देऊ लागला होता, आणि लव्हरिंग जादूचे व विज्ञानाचे प्रयोग करून दाखवीत असे. ज्यांच्या शोधाचा लाभ इतरांनी घेतला त्यांनी मागाहून आपला वाटा मागितला, तर त्यास तत्त्वविक्रय म्हणणे न्यायाचे होणार नाही. कलावंताने दारिद्र्यातच राहावे म्हणजे आपली भक्ती शुद्ध राहील, अशी रसिकाची छुपी अपेक्षा असेल, तर दोष त्या अपेक्षेचा आहे.

६

तथापि उत्कंठेच्या पोटी एक गैरसमजही नांदत असतो. रसिकास वाटते की, चौघे एकत्र उभे राहिले म्हणजे त्यांचे मनोमीलन झाले. २००६ च्या ‘लाउडक्वाएटलाउड’ या अनुबोधपटात या दौऱ्याचे चित्रण आहे. त्यात चौघे एकमेकांशी क्वचितच मोकळेपणाने बोलताना दिसतात. रंगमंचावर जयघोष आणि पडद्यामागे मौन, असे ते दृश्य आहे. रसिक जे पुनर्मीलन साजरे करतो ते वृंदाचे असते. व्यक्तींचे असेलच असे नाही.

दुसरी अडचण नव्या निर्मितीची. २००९ मध्ये ‘डूलिट्ल’च्या वीस वर्षांनिमित्त ती संपूर्ण ध्वनिमुद्रिका प्रयोगात सादर करणारा दौरा निघाला आणि त्यास मोठा प्रतिसाद मिळाला. जून २०१३ मध्ये, नव्या गीतांचे काम चालू असता, किम डील वृंदातून बाहेर पडली. २०१४ मध्ये ‘इंडी सिंडी’ ही तेवीस वर्षांनंतरची पहिली पूर्ण ध्वनिमुद्रिका आली, तेव्हा तिचे स्वागत थंडपणे झाले. बंद संचाची पूजा बांधणाऱ्यांस संच उघडलेला रुचला नाही. तरीही वृंद थांबला नाही. २०१६, २०१९, २०२२ व २०२४ मध्ये आणखी ध्वनिमुद्रिका निघाल्या. वृंदाचे पहिले आयुष्य सात वर्षांचे होते. दुसरे वीस वर्षांहून अधिक झाले आहे, आणि ध्वनिमुद्रिकांची संख्या दोन्हीकडे पाच-पाच अशी समान आहे. असे असूनही सभागृहात ज्या गीतांची मागणी होते ती बहुतांशी पहिल्या आयुष्यातील होत.

येथे रसिकाच्या कर्तव्याचा प्रश्न निर्माण होतो. कलावंत जिवंत आहे याचा आनंद मानावयाचा आणि त्याने मात्र मृतवत् अचल राहावे अशी इच्छा धरावयाची, ही विसंगती आहे. स्वेतलाना बॉयम या विदुषीने २००१ च्या आपल्या ग्रंथात गतकाळाच्या ओढीचे दोन प्रकार सांगितले आहेत: गेलेले जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारी, आणि ते गेले आहे हे मान्य करून त्याचे चिंतन करणारी. पुनर्मीलनाच्या प्रयोगास पहिल्या प्रकारची ओढ घेऊन गेलेला श्रोता बहुधा निराश होऊन परततो. दुसऱ्या प्रकारची ओढ बाळगणाऱ्यास गायकाच्या जाडावलेल्या आवाजातही काही सापडते. कारण त्याच काळाचा हिशेब त्याच्या स्वतःच्या आयुष्यातही मांडलेला असतो.

७

अन्य उदाहरणांनी हे चित्र अधिक स्पष्ट होईल. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचे मूळ चार कलावंत १९९३ मध्ये युरोपच्या दौऱ्यासाठी एकत्र आले. १ जून रोजी एडिंबरो येथे आरंभ झाला व पॅरिस येथील प्रयोगांचे ध्वनिमुद्रणही प्रसिद्ध झाले. परंतु अमेरिकेत प्रयोग होण्यापूर्वीच लू रीड व जॉन केल यांत पुन्हा बेबनाव झाला, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये स्टर्लिंग मॉरिसन याच्या निधनाने तो मार्ग कायमचा बंद झाला. पुनर्मीलनाची वार्ता ऐकताच रसिक धावत सुटतो त्यामागे ही जाणीव असते: उघडलेले दार फार वेळ उघडे राहील असे नाही.

चेकोस्लोव्हाकियातील ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या वृंदाचे उदाहरण निराळ्या जातीचे आहे. १९६८ मध्ये, सोव्हिएत आक्रमणानंतर, प्राग येथे तो स्थापन झाला. शासनाने त्याचा प्रयोगांचा परवाना काढून घेतला. १९७६ मध्ये त्याच्या परिवारातील चौघांस कारावासाची शिक्षा झाली. त्यांत वृंदाचा मार्गदर्शक इव्हान यिरोउस व सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स हे होते. या खटल्याच्या निषेधातून जी माणसे एकत्र आली त्यांतूनच जानेवारी १९७७ मध्ये ‘सनद ७७’ हे मानवी हक्कांचे निवेदन निघाले; नाटककार वाक्लाव हावेल त्याच्या अग्रभागी होते. १९८८ मध्ये वृंद फुटला. १९९७ मध्ये सनदेच्या वीस वर्षांनिमित्त, राष्ट्राध्यक्ष झालेल्या हावेल यांच्या प्रोत्साहनाने तो पुन्हा एकत्र आला. येथे अनुपस्थिती प्रथमपासूनच राजसत्तेने लादलेली होती. ज्यांना हे संगीत चोरून, खेड्यांतील घरांत व धान्याच्या कोठारांत ऐकावे लागले होते, त्यांना ते उघडपणे ऐकता येणे हाच त्या प्रयोगाचा आशय होता. गीते तीच होती. त्यांच्याभोवतीचे राज्य बदलले होते.

आपल्याकडील एक नोंदही येथे आवश्यक आहे. १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ हा वृंद स्थापन झाला. परकीय गीतांच्या नकला हाच रिवाज असलेल्या काळात त्याने स्वरचित गीतांचा आग्रह धरला. १९९३ मध्ये त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, १९९७ मध्ये तो थांबला, २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ ही नवी ध्वनिमुद्रिका त्याने काढली. जुन्या नाण्यावर न विसंबता नव्या रचनांनिशी परतणे, हा पुनर्मीलनाचा दुसरा मार्ग या मुंबईकर वृंदाने स्वीकारला. त्याच्या श्रोतृवर्गाचा, विशेषतः मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयीन जीवनाशी असलेल्या त्याच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेतल्यास तो उपयुक्त ठरेल.

८

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. विसर्जित वृंदाच्या पुनर्मीलनाने जी उत्कंठा निर्माण होते ती एकजिनसी नसते. तीत थोरल्या पिढीची स्वतःच्या तारुण्याविषयीची ओढ असते, धाकट्या पिढीने वारशाने घेतलेली उणीव असते, एकाकी आवडीस समुदायाची मान्यता मिळाल्याचा हर्ष असतो, दुर्मिळतेने वाढविलेले बाजारमूल्य असते, आणि ही संधी पुन्हा येणार नाही याची धास्तीही असते. यांपैकी कोणताही एक घटक वेगळा काढून त्यालाच कारण म्हणणे शास्त्रीय होणार नाही. कोणत्या प्रसंगी कोणता घटक प्रबळ ठरला हे दाखविणे, हेच अभ्यासकाचे काम होय.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तरही आता देता येईल. मध्यंतरीच्या वर्षांत गीते वाढली नाहीत. ऐकणारे वाढले, आणि त्यांच्या ऐकण्याने गीतांचा अर्थ वाढला. कलावंत पांगलेले असता ते संगीत जिवंत ठेवण्याचे काम रसिकांनी केले होते. म्हणूनच पुनर्मीलनाच्या रात्री ते टाळ्या वाजवितात तेव्हा त्यांत कलावंतांच्या कौतुकाबरोबर स्वतःच्या राखणीचे समाधानही मिसळलेले असते. मात्र राखण केली म्हणून मालकी आली असे होत नाही. गीते ज्यांनी रचिली त्यांना ती पुढे नेण्याचा, बदलण्याचा किंवा सोडून देण्याचाही अधिकार आहे, एवढे ज्या रसिकास मान्य होईल त्याची उत्कंठा पहिल्या रात्रीनंतरही टिकून राहील.